प्लॅस्टिकच्या गांडुळाची वेगळी चाल : बास गरवायला शिकणाऱ्यांसाठी

लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. तो गरवायला निघालेल्या नवख्याच्या हाती अमेरिकेत बहुतेक वेळा सगळ्यात आधी येतं ते मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ, म्हणजे वर्म. सोबतचा सल्लाही ठरलेला असतो: लांब टाका, तळाला जाऊ द्या, हळूहळू ओढत आणा. सल्ल्यात खोट काही नाही. ओहायोतल्या ॲक्रनमध्ये निक क्रीम यांनी १९४९ साली असं गांडूळ बनवलं, पुढे त्यांचा कारखाना टेक्सासातल्या टायलरला गेला, आणि तेव्हापासून या एका चालीवर असंख्य बास लागले आहेत. अडचण अशी की डॅलस, ऑस्टिन किंवा न्यू जर्सीतल्या वस्तीलगतच्या तळ्यांतले मासे हीच चाल रोज बघतात. मासा लागेना की लोक रंग बदलतात. हिरवं काढून जांभळं, जांभळं काढून काळं. रंगाला महत्त्व आहे, पण चालीच्या खालोखाल. आधी हात बदलून बघावा, मग पाकीट.

क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचं कडक आमिष, ओढला की आपोआप थरथरतो; स्पिनर या आमिषाचं धातूचं पातं फिरतं. सरळ शेपटीच्या गांडुळाला मात्र स्वतःची चाल जवळजवळ नसतेच. त्यात जीव येतो तो लाईनमधल्या ताणाने आणि ढिलाईने. पतंग उडवलेल्याला ढील आणि खेच वेगळी समजवावी लागत नाही. इथेही तेवढे दोनच शब्द पुरतात. कोकणात हाताने गरी टाकून गरवायची सवय असलेल्यांना उलट आधी एक सवय मोडावी लागते. बोटावर सतत ताण धरून ठेवायचा हात इथे आड येतो, कारण खाली दिलेल्या पद्धतींपैकी निम्म्या तरी ढिल्या लाईनवरच चालतात.

सामान आणि जोडणी

सुरुवातीला एकच रॉड घ्यायचा तर ७ फुटी, मीडियम-हेवी, टोकाकडे चटकन वाकणारा घ्या. त्यावर २५०० किंवा ३००० आकाराचा स्पिनिंग रील, त्यात १५ पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, आणि पुढे ६ फूट १० पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाकडचा तुकडा. दोन्ही लाईन डबल युनी गाठीने जोडा. बेटकास्टर रील पुढे लागेल, जड वजनांसाठी आणि दाट गवतासाठी. पहिल्या महिन्यात त्याचा गुंता सोडवण्यातच संध्याकाळ जाते.

ब्रेड तरंगते, फ्लुरोकार्बन बुडते. पृष्ठभागाजवळच्या पद्धतींत आणि तळाच्या पद्धतींत लाईन बदलावी लागते ती यामुळे.

बहुतेक पद्धतींना टेक्सास रिग लागतो; रिग म्हणजे गळ, वजन आणि गांडुळाची जोडणी. ६-७ इंची गांडुळासाठी ३/० आकाराचा ऑफसेट, म्हणजे मानेशी वाकवलेला गळ, १० इंचीसाठी ५/० चा.

१. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन लाईनमध्ये ओवा. निमुळतं टोक रॉडच्या बाजूला.

२. गळ पालोमार गाठीने बांधा. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा; कोरडी आवळली तर घर्षणाने लाईन तापते आणि तिथेच कच्ची राहते.

३. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात बरोबर मध्यभागी पाव इंच खुपसा आणि बाजूने बाहेर काढा.

४. गळ ओढून घ्या, अर्धा फिरवा आणि गळाची मान डोक्यात रुतवा.

५. गांडूळ गळाशेजारी सरळ लोंबू द्या. गळाचा बाक जिथे येतो तिथे नखाने खूण करा, तेवढाच भाग वाकवून टोक आरपार काढा.

६. टोक पाठीवरच्या पातळ सालीखाली किंचित लपवा, म्हणजे गवतात अडकणार नाही.

आता लाईनला धरून गांडूळ लटकवा. ते कमानीसारखं वाकलेलं दिसलं तर खूण चुकली आहे. काढून पुन्हा घाला. वाकडं गांडूळ पाण्यात भोवऱ्यासारखं गरगरतं, लाईनला पीळ बसतो आणि थोड्याच वेळात रीलवरून वेटोळी उसळायला लागतात. पीळ बसल्याची तक्रार करणारे बहुतेक जण रीलला दोष देतात, चूक असते पाचव्या पायरीत.

वजन लाईनवर मोकळं ठेवायचं की रबरी स्टॉपर लावून डोक्याशी पक्कं करायचं, हे जागेवर ठरतं. गवतात पक्कं, कारण मोकळं वजन आधी खाली जातं आणि गांडूळ वर गवतावरच अडकून राहतं. मोकळ्या तळावर सुटं.

आधी नेहमीची चाल

ही येत असली पाहिजे, नाहीतर बाकीच्यांची तुलना कशाशी करणार? गांडूळ तळाला टेकलं की रॉड घड्याळातल्या नऊपासून अकरापर्यंत सावकाश उचला, पुन्हा नऊवर आणा, मोकळी झालेली लाईन गुंडाळा, दोन-तीन सेकंद थांबा. उचलायचं रॉडने, गुंडाळायचं रीलने. रीलनेच ओढत राहिलं तर दगड, फांदी, चिखल यांतला फरक हाताला कळत नाही.

पडू द्या, हात लावू नका

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात अवघड पद्धत हीच. गांडूळ तळाला गेल्यावर काहीही करायचं नाही. निदान ४५ सेकंद, थंड पाण्यात मिनिटभर. पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या खाली गेलं की बासची पचनक्रिया मंदावते. पळतं आमिष पकडायला तो शक्ती खर्च करत नाही, पण नाकासमोर पडून राहिलेली वस्तू तोंडात घेऊन बघतो. माशाला हात नाहीत. चाचपून बघायचं तर तोंडानेच.

यासाठी ५ इंची, जाड, मीठ मिसळलेलं काडीच्या आकाराचं गांडूळ घ्या. गॅरी यामामोटो यांच्या सेन्कोपासून हा प्रकार रूढ झाला. मिठामुळे ते वजनाशिवायही बुडतं. १/० चा गळ बरोबर मध्ये अडकवा, म्हणजे दोन्ही टोकं खाली जाताना आपोआप फडफडतात. याला वॅकी रिग म्हणतात. गळ थेट प्लॅस्टिकमध्ये घातला तर दोन-तीन टाकींत गांडूळ तुटतं. मध्यावर रबरी ओ-रिंग चढवून गळ तिच्याखालून घाला.

टाकण्यापूर्वी किनाऱ्यालगत ३ फूट पाण्यात सोडून तळाला टेकायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग १० फूट पाण्यात किती थांबायचं हे अंदाजावर राहत नाही. टाकल्यावर लाईन ढिली ठेवा आणि ती पाण्यात शिरते त्या बिंदूवर नजर ठेवा. बरेचसे चावे गांडूळ खाली जातानाच होतात. हाताला काहीच कळत नाही. लाईन बाजूला सरकते, किंवा मोजणी पूर्ण व्हायच्या आत खाली जायची थांबते.

दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे वारा. वाऱ्याने लाईनला पोट सुटतं आणि ते पोट गांडुळाला हळूच ओढत नेतं. आपल्याला वाटतं ते स्थिर आहे. रॉडचं टोक पाण्याला टेकवा, शक्यतो वाऱ्याच्या दिशेनेच टाका, आणि तरीही सरकत असेल तर १/१६ औंसाचं खिळ्यासारखं वजन एका टोकात खुपसा. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ढिल्या लाईनवर मासा आमिष खोल गिळतो. म्हणून दर १०-१५ सेकंदांनी मोकळी लाईन अलगद गुंडाळून बोटाने वजन तपासा, आणि जड वाटलं की लगेच मासा अडकवा. गळ घशात गेलाच तर ओढाओढ करू नका. लाईन गळाजवळ कापा आणि मासा सोडा.

याचाच एक धाकटा भाऊ म्हणजे नेड रिग. कॅन्ससचे नेड केहडी यांच्या नावाचा. पावणेतीन इंची तुकडा आणि १/१० औंसाचं चपट्या डोक्याचं जिग, म्हणजे डोक्याशी वजन ओतलेला गळ. यात तरंगणाऱ्या प्लॅस्टिकचं गांडूळ घ्यायचं. जिग तळावर बसतं, शेपूट वर उभी राहते आणि पाण्याच्या हलक्या हालचालीवरही डुलते. मीठवालं गांडूळ इथे लावलं तर ते आडवं पडून राहतं आणि सगळी मजा जाते. छोटे मासे जास्त लागतात, हे खरं; पण पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने परतायचं नसेल तर हेच बांधा.

जागच्या जागी थरथरवणं

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या खोल, निवळ जलाशयांत ही पद्धत वाढली. डॉन आयोव्हिनो यांनी ती लोकांपुढे आणली. तिकडे तिला डूडलिंग म्हणतात. ४-५ इंची बारीक, सरळ शेपटीचं गांडूळ, ३/१६ औंसाचं पितळी वजन, त्याच्या आणि गळाच्या मध्ये एक काचेचा मणी, ६ ते ८ पौंडी लाईन. पितळ काचेवर आपटलं की टिकटिक आवाज होतो. शिसं मऊ असल्यामुळे त्याचा आवाज दबका येतो. मण्याचा दुसरा फायदा असा की वजन गाठीवर आपटत नाही. वजन अर्थातच सुटं ठेवायचं. स्टॉपर लावला की आवाज संपला.

बोटीतून २०-४० फूट खोल पाण्यात हे सरळ खाली सोडतात. वजन तळाला टेकलं की रॉडचं टोक दोन-तीन इंचच, पण भराभर हलवायचं. दहा-पंधरा सेकंद थरथर, पाच सेकंद शांतता, पुन्हा थरथर. मग फूटभर सरकवायचं.

कळीची गोष्ट: प्रत्येक हेलकाव्यानंतर लाईन ढिली पडली पाहिजे. ढील नसेल तर टोक हलवलं की वजनच तळावरून उचललं जातं आणि गांडूळ बेडकासारखं उड्या मारत तुमच्याकडे येतं. गांडूळ हलायला हवं, वजन हलता कामा नये. किनाऱ्याजवळ गुडघाभर पाण्यात दोन मिनिटं हा सराव डोळ्यांनी बघून करा. तेवढ्यात मनगटाला अंदाज येतो. किती थोडं हलवलं तरी पुरतं, हे बघून बहुतेकांना आश्चर्य वाटतं.

किनाऱ्यावरून लाईन तिरकी असते, म्हणून सुटं वजन आणि मणी तितकं काम करत नाही. तिथे १/८ औंसाचं शेकी हेड जिग आणि तेच बारीक गांडूळ घ्या. दगडी बांध, पुलाचे खांब, पाण्यात उतरत गेलेलं एखादं भूशीर, अशा ठिकाणी एकाच जागी अर्धा मिनिट थरथरवत राहण्याचा धीर ठेवा. मासा तिथे आहे असं वाटण्यासारखी जागा नसेल तर मात्र ही पद्धत वेळ खाते.

पोहवत आणणं

आत्तापर्यंतच्या अगदी उलट. फ्लोरिडातल्या ओकीचोबीसारख्या उथळ, गवताळ तळ्यांत तळाला टेकवायचं म्हटलं तर टेकायला तळच सापडत नाही; सगळीकडे गवत. तिथे गांडूळ गवताच्या शेंड्यांवरून न थांबता पोहवत आणतात. सरळ शेपटीचं इथे कुचकामी. वल्ह्यासारखी किंवा दुहेरी वळलेली शेपूट असलेलं ६ इंची स्पीड वर्म घ्या, १/८ ते ३/१६ औंसाचं वजन स्टॉपर लावून पक्कं करा. विरळ गवतात १५ पौंडी फ्लुरोकार्बन चालते, दाट गवतात ३०-४० पौंडी ब्रेड.

टाकल्यावर बुडू न देता लगेच गुंडाळायला सुरुवात करा. वेग असा ठेवा की गांडूळ अधूनमधून शेंड्याला घासेल, पण अडकणार नाही. शेपटीची थरथर रॉडच्या मुठीपर्यंत जाणवली पाहिजे. ती थांबली तर शेपटीला गवत लागलं आहे. रॉडला एक छोटा झटका द्या, नाही सुटलं तर बाहेर काढून साफ करा. गवत लागलेल्या गांडुळाला मासा लागेल अशी आशा धरू नये. गवतात मोकळं पाणी, एखादं खळगं दिसलं की त्याच्या काठावर हँडल थांबवा आणि गांडूळ दोन सेकंद सरळ खाली जाऊ द्या. पाठलाग करणारा बास बऱ्याचदा तिथेच तोंड घालतो.

या पद्धतीत नवखे सगळ्यात जास्त मासे घालवतात ते घाईने. 'टप' असा धक्का बसला की हात आपोआप रॉड उडवतो. पण त्या क्षणी माशाच्या तोंडात फक्त शेपूट असते आणि गळ डोक्याकडे. गुंडाळणं चालू ठेवा. रॉड वाकून जड झाला की मगच बाजूला रेटा.

उसळवणं

टेनेसी नदीवरच्या केंटकी लेक, पिकविक, गंटर्सव्हिल या जलाशयांत बुडालेल्या जुन्या नदीपात्राच्या कडा आहेत. मे महिन्याच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत बास तिथे घोळक्याने असतात. सोनारवर मासे दिसतात, पण सावकाश ओढलेल्या गांडुळाकडे ढुंकून बघत नाहीत. अशा वेळी १०-१२ इंची मोठं गांडूळ आणि अर्धा ते पाऊण औंस वजन घेऊन ते तळावरून एकदम तीन-चार फूट उसळवतात आणि पडू देतात. सुस्त मासाही अचानक उडालेल्या आणि पुन्हा कोसळणाऱ्या गोष्टीवर झडप घालतो. भुकेपेक्षा प्रतिक्रियेचा हा चावा आहे.

इथे ७ फूट ३ इंची हेवी रॉड, बेटकास्टर आणि १५ ते २० पौंडी फ्लुरोकार्बन लागते. आधी वर सांगितलेल्या स्पिनिंग रॉडवर हे करू नका. १० पौंडी लीडर झटक्यातच तुटेल.

रॉड नऊवर ठेवा, ढील पूर्ण गुंडाळा, मग जोरात साडेअकरापर्यंत उचला. बाराच्या पुढे जाऊ नका, कारण पडताना चावा आला तर रॉड मागे न्यायला जागाच उरत नाही. ढिल्या लाईनवर झटका देण्याची चूकही होते. धक्का एकदम गाठीवर येतो. खाली सोडताना रॉडचं टोक गांडुळाच्या वेगानेच खाली आणा. लाईन ताठ धरली तर गांडूळ सरळ खाली न पडता झोका घेत तुमच्याकडे येतं आणि कडेपासून लांब जातं. पूर्ण मोकळी सोडली तर चावा कळत नाही. या दोन्हींच्या मधला हात जमायला वेळ लागतो, आणि या सगळ्या यादीत हा भाग शिकायला कठीण आहे हे मान्यच करायला हवं.

बोट नसेल तर धरणाच्या दगडी उतारावर किंवा पुलाजवळ, जिथे काठापासून लगेच १०-१२ फूट खोली मिळते तिथे, पाव औंसावर याची सौम्य आवृत्ती करता येते. दगडांच्या फटींत वजनं जातील. टंगस्टन महाग असतं, म्हणून इथे स्वस्तातली वापरा.

वरच्या थरात झटके

जॉर्जिया, अलाबामा आणि कॅरोलिनांमध्ये वसंतात ही पद्धत चालते. पाणी ६० ते ७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १५ ते २४ सेल्सिअस. साडेसहा इंची, मीठ नसलेलं सरळ गांडूळ, ३/० किंवा ४/० चा हलक्या तारेचा गळ, वजन अजिबात नाही. रंग गुलाबी, पिवळा किंवा पांढरा. हे भडक रंग माशासाठी कमी आणि आपल्यासाठी जास्त आहेत: गांडूळ फूटभर पाण्याखाली सतत दिसत राहिलं पाहिजे.

गळाच्या १२ ते १५ इंच वर एक छोटं बॅरल स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, बांधा. हे टाळू नका; झटक्यांनी गांडूळ उलटसुलट फिरतं आणि स्विव्हलशिवाय लाईनचा पार पीळ होतो. लीडर इथे मोनोफिलामेंटचा, म्हणजे साध्या नायलॉनचा घ्या, फ्लुरोकार्बन गांडुळाचं नाक खाली ओढते.

रॉडचं टोक खाली, पाण्याकडे. दोन छोटे झटके, मग एक श्वास थांबणं. पुन्हा दोन झटके. प्रत्येक झटक्यानंतर थोडी ढील, म्हणजे गांडूळ डावीकडे-उजवीकडे वळतं; ताठ लाईनवर ते फक्त पुढे येतं. झाडांच्या सावल्या, बुडालेल्या फांद्या, बोटी बांधायच्या धक्क्यांच्या बाजू यांच्या समांतर आणा. रंग अचानक दिसेनासा झाला की मासा लागला. लगेच उडवू नका. लाईन चालू लागू द्या, ढील गुंडाळा, मग रेटा.

या दिवसांत नर बास उथळ पाण्यात घरट्यावर पहारा देत असतो आणि आत आलेल्या कशावरही धावून जातो. तो दूर असेपर्यंत ब्लूगिलसारखे छोटे मासे अंडी खायला टपलेले असतात. फोटो काढत बसू नका. ज्या जागी धरला तिथेच लगेच सोडा.

फांदीवरून, आणि धक्क्याच्या खाली

पाण्यात झुकलेली बारीक फांदी असेल तर टाकताना लाईन मुद्दाम तिच्यावरून जाऊ द्या. पाव औंसाचं टेक्सास रिग फांदीपलीकडे तळापर्यंत सोडा, पृष्ठभागापर्यंत उचला, पुन्हा सोडा. एकाच जागी वर-खाली. १७-२० पौंडी लाईन हवी आणि प्रत्येक माशानंतर शेवटची दोन फूट बोटांनी चाचपा. खरखरीत लागली तर कापून पुन्हा बांधा. जाड किंवा दुहेरी फांदीवर हा खेळ करू नका. मासा लागेल, पण बाहेर येणार नाही.

तरंगत्या धक्क्याच्या खाली गांडूळ पोचवायचं तर ते उलटं सरकवावं लागतं. जाड काडी-गांडूळ वजनाशिवाय टेक्सास पद्धतीने गळावर चढवा आणि शेपटीच्या टोकात १/३२ किंवा १/१६ औंसाचा खिळा खुपसा. धक्क्याच्या कडेला टाका आणि लगेच रीलवरून हाताने दोन-तीन फूट लाईन काढून द्या. शेपूट जड असल्यामुळे गांडूळ शेपटीकडून बुडतं आणि तुमच्यापासून दूर, धक्क्याच्या अंधारात घसरत जातं. पाच मोजा, थोडं ओढा, पुन्हा ढील द्या. ढील कमी पडली की गांडूळ घसरायचं थांबतं आणि ही पद्धत आणि नेहमीची यांत फरकच राहत नाही. खासगी धक्क्यांवर चढू नका. पाण्यातून टाकायला हरकत नसली तरी गळ लाकडात किंवा बोटीच्या आवरणात अडकवून ठेवणं लोकांना अर्थातच खपत नाही.

चावा आणि कोणती पद्धत कधी

बासचा चावा दर वेळी 'टक' असा येत नाही. तो तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो. त्यामुळे कधी लाईन बाजूला चालते, कधी वजन एकाएकी नाहीसं होतं कारण मासा तुमच्याकडे पोहत येतो, कधी नुसतं ओल्या फडक्यासारखं जड लागतं. शंका आली तर गुंडाळून ताण घ्या. ताण हलला तर रॉड जोरात बाजूला रेटा. टेक्सास रिगमध्ये गळाला आधी प्लॅस्टिक फोडायचं असतं, म्हणून तिथे जोर हवा. वॅकी आणि नेडमध्ये टोक उघडं असतं. तिथे नुसतं गुंडाळत रॉड उचललात तरी पुरतं, जोर लावलात तर बारीक गळ सरळ होतो.

क्रम ठरवताना पाण्याचं तापमान आधी बघा. ५० अंशांखाली पडू द्या. ५० ते ६० मध्ये थरथरवा. ६० ते ७५ मध्ये उथळ काठावर वरचे झटके. त्याहून गरम पाण्यात पहाटे आणि संध्याकाळी पोहवत आणा, भर दुपारी खोल कडेला उसळवा किंवा धक्क्याच्या सावलीत सरकवा. गढूळ पाण्यात मात्र पडू देण्याची पद्धत दुबळी ठरते, कारण माशाला दिसत नाही आणि हालचालही जाणवत नाही. तिथे जाड गांडूळ, काळा किंवा काळा-निळा रंग आणि काहीतरी हलतं राहणारं. एका जागेला एका पद्धतीने पंधरा-वीस मिनिटं द्या. दर दोन टाकींनंतर पद्धत बदलणाऱ्याला काय चाललं आणि काय नाही हे कधीच कळत नाही.

परवाना, मासा आणि उरलेलं प्लॅस्टिक

परवाना राज्यागणिक वेगळा. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही, आणि स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून गरवायचं असेल तर मोठ्यांनाही नाही; पार्कचं प्रवेशशुल्क तेवढं भरावं लागतं. शिकायला ही सगळ्यात सोयीची जागा. राज्यभराचा सर्वसाधारण नियम १४ इंचांपेक्षा लहान लार्जमाउथ ठेवायचा नाही आणि दिवसाला पाचांहून जास्त नाहीत असा असला तरी अनेक तळ्यांचे नियम वेगळे आहेत. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावा लागतो. १९९२ च्या जानेवारीत १८.१८ पौंडांचा राज्यविक्रमी बास निघाला तो याच तळ्यातून. ईशान्येकडच्या काही राज्यांत शिशाच्या लहान वजनांवर बंधनं आहेत. न्यू हॅम्पशर आणि मॅसॅच्युसेट्समध्ये एक औंसापर्यंतची वापरताच येत नाहीत. तिकडे जाणार असाल तर टंगस्टन किंवा स्टील घ्या.

मासा धरण्यापूर्वी हात ओले करा. खालच्या ओठाला अंगठ्याने धरा आणि मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या; फक्त जबड्यावर आडवा तोलला तर जबड्याला इजा होते.

तुटलेली गांडुळं पाण्यात फेकू नका. मासे ती गिळतात, ती पोटात फुगतात आणि तिथेच अडकून राहतात. खिशात एक झिपची पिशवी ठेवा.

घरी आल्यावर गांडुळं त्यांच्या मूळ पाकिटातच, आडवी ठेवा. तरंगणाऱ्या, ताणल्या जाणाऱ्या इलाझटेक प्लॅस्टिकची गांडुळं बाकीच्यांत कधीही मिसळू नका. दोन्ही एकमेकांना विरघळवतात आणि डब्यात चिकट गोळा उरतो. डब्यात दुमडून राहिलेलं साधं गांडूळ वाकडं झालं असेल तर अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवून सपाट ताटलीवर सरळ ठेवा, गार झालं की पुन्हा सरळ होतं. ताटली मात्र जेवणाची घेऊ नका. हे प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जी तेलं घातलेली असतात ती अन्नाला लागू नयेत.